पोराची सर्दी, कोकणातला पाऊस आणि न लागणारं अँटिबायोटिक

गणपतीत कोकणातली घरं भरतात. चाकरमानी गच्च भरलेल्या गाड्यांतून रात्रभर प्रवास करून येतात, आल्या आल्या घरातल्या लहानग्याला उचलून घेतात, त्याचे पापे घेतात, आणि गौरी यायच्या आत त्या लहानग्याचं नाक वाहायला लागतं. यात कुणाचाच दोष नाही. पश्चिम भारतात फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे एक लाट गणपतीला गाठते आणि दुसरी शिमग्याला, नेमकी घरं माणसांनी भरलेली असताना. त्यात पावसामुळे दारं-खिडक्या बंद, कपडे ओले, आणि मुलं दिवसभर एकाच माजघरात.

मग बाटल्या सुरू होतात. एक तापाची, एक खोकल्याची, एक ‘सर्दी सुकवायची’ आणि एक ती पांढऱ्या पावडरीची, जिच्यात उकळून गार केलेलं पाणी घालून हलवायचं असतं. ही चौथी बाटली अँटिबायोटिकची. पाच वर्षांखालच्या मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्यात तिचं काही काम नसतं. काम असतं ते घरातल्या माणसांच्या डोळ्यांचं आणि मिनिटभर घड्याळाकडे बघण्याचं. ते कसं करायचं, हे नीट सांगावं म्हणून हा लेख.

दहा दिवसांत काय काय होतं

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. त्यातल्या एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार. एक होऊन गेला म्हणजे दुसऱ्यापासून सुटका झाली, असं होत नाही. त्यामुळे धडधाकट, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या मुलालाही पहिल्या काही वर्षांत वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते. अंगणवाडीत जायला लागल्यावर पहिल्या वर्षी त्याहून जास्त. एक सर्दी दहा दिवसांची धरली तर आठ सर्द्यांचे ऐंशी दिवस झाले, आणि त्यातले बरेचसे पावसाळ्यात आणि थंडीत. आईला वाटतं की पोर कायमच आजारी आहे, अंगात ताकदच नाही. तसं नसतं. शरीर एकेका विषाणूची ओळख करून घेत असतं, आणि त्याला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी घसा खवखवतो. मूल ते सांगू शकत नाही, नुसतं किरकिरतं आणि जेवत नाही. ताप आलाच तर बहुतेक वेळा पहिले दोन-तीन दिवस. नाक आधी पाण्यासारखं वाहतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळंच जोरात असतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला शेंबूड घट्ट, पिवळा, कधी हिरवा होतो. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत नाक मोकळं होत येतं. खोकला मात्र मागे राहतो. दोन आठवडे अगदी नेहमीचे, आणि दहापैकी नऊ मुलांचा खोकला तीन-साडेतीन आठवड्यांत थांबतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण बहुतेक घरांत पाचव्या दिवशीच धीर सुटतो.

हिरव्या शेंबडाची भीती तर फारच खोल बसलेली आहे. ‘हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं’ असं सगळेच म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. विषाणूशी लढायला नाकात पांढऱ्या पेशी जमा होतात. त्यांच्यात लोह असलेलं, हिरवट रंगाचं एक एन्झाइम असतं. त्या पेशी मोडल्या की तो रंग शेंबडात उतरतो. म्हणजे हिरवा रंग आपल्याच सैन्याचा. नुसत्या रंगावरून जिवाणू आहेत की विषाणू, हे कुणालाही सांगता येत नाही.

खोकल्याचंही तसंच. आडवं झालं की नाकातला स्राव मागच्या बाजूने घशात उतरतो, म्हणून रात्री खोकला वाढतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ वर ढकलत असतात. विषाणू त्यांची नासधूस करतो आणि ते पुन्हा नीट व्हायला काही आठवडे लागतात. तोवर कफ वर आणायचं काम खोकला करतो. लहान मुलाला थुंकता येत नाही, ते कफ गिळतं. मग कधीतरी खोकता खोकता उलटी होते, त्यात कफ पडतो आणि मूल शांत झोपतं. एखादी अशी उलटी झाली म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता यात एक गंमत घडते आणि तिनेच पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घातला आहे. आपण मुलाला डॉक्टरकडे कधी नेतो? सगळं जोरात असतं तेव्हा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तिथून पुढे सर्दी आपोआप उतरणारच असते. चौथ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं, सातव्या दिवशी पोर खेळायला लागलं, की श्रेय बाटलीला जातं. आणि समजा, पहिल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बघून ‘काही नको, थांबा’ म्हणून सांगितलं आणि पाचव्या दिवशी आपण दुसऱ्यांकडे गेलो, तर गुण दुसऱ्यांच्या हाताला. दोन्ही वेळा काम केलं ते मुलाच्या शरीराने.

औषध चुकीचं नसतं, रोग वेगळा असतो

आंबा बागायतदाराला हे चटकन कळेल. मोहोरावर तुडतुडे पडले असताना करप्याचं बुरशीनाशक मारलं तर तुडतुडा मरतो का? फवारणीचा खर्च होतो, औषध अस्सल असतं, पण करपा ही बुरशी आणि तुडतुडा हा किडा. अँटिबायोटिकचंही तसंच: ते जिवाणूंवरचं औषध, आणि सर्दी विषाणूची. पेनिसिलिनच्या कुटुंबातली औषधं जिवाणूची भिंत बनू देत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन जिवाणूच्या आतला प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतं. विषाणूला अशी भिंतही नाही आणि स्वतःचा कारखानाही नाही. तो आपल्याच पेशीत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. अँटिबायोटिकला तिथे मारण्यासारखं काही सापडतच नाही.

‘नसेल उपयोग, पण अपाय तर नाही ना?’ असं पुष्कळ जण विचारतात. अपाय आहे. मुलाच्या आतड्यात उपयोगी जिवाणूंची मोठी वस्ती असते. अँटिबायोटिक त्यांनाही मारतं, म्हणून औषध सुरू केल्यावर कित्येक मुलांना जुलाब लागतात. काहींच्या अंगावर पुरळ उठतं. मग ते औषधाचं की आजाराचं हे कळत नाही, आणि ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का जन्मभर बसतो. याहून मोठी गोष्ट म्हणजे जे जिवाणू त्या औषधातून वाचतात, ते औषधाला न जुमानणारे असतात. ते मुलाच्या घशात आणि आतड्यात राहतात, घरातल्या आजी-आजोबांपर्यंत पोचतात. उद्या त्याच मुलाला खरा न्यूमोनिया झाला तर तेच साधं औषध लागू पडत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी 1945 साली नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात हा धोका सांगून ठेवला होता. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही हे सांगण्यासाठी. गेल्या वेळची उरलेली बाटली कपाटात असेल तर तीही वापरायची नाही. पाणी घातलेली पावडर थोड्याच दिवसांत निकामी होते.

डॉक्टरांचीही एक बाजू आहे. बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली, पावसात तीन मैल चालून आणि वर एसटी पकडून आलेली आजी समोर, आणि ती ठामपणे सांगते, ‘इंजेक्शन मारल्याशिवाय ताप उतरूचो नाय.’ अशा वेळी ‘काही देत नाही’ म्हणणं सोपं नसतं. म्हणून ते सोपं आपण करायचं. सरळ विचारा: ‘डॉक्टर, याला न्यूमोनिया वाटतोय का? अँटिबायोटिक नेमकं कशासाठी देताय? दोन दिवस वाट बघितली तर चालेल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

घरी काय करायचं

सगळ्यात आधी नाक. तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक बंद असलं की ते दूध ओढायला लागतं, गुदमरतं, सोडून देतं, रडतं. आपण म्हणतो दूध पीत नाही. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे, सलाईनचे नाकात घालायचे थेंब मिळतात. साधे सलाईनच मागा, नाक ‘सुकवणारे’ औषधी थेंब नकोत. बाळाला मांडीवर उताणं घ्या, मान किंचित मागे, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब. मिनिटभर थांबा. शिंक आली तर उत्तमच, नाहीतर मऊ सुती कापडाची वळी करून बाहेर आलेलं टिपून घ्या, कापड आत खुपसू नका. मग लगेच पाजायला घ्या. दूध पाजायच्या आधी आणि झोपवायच्या आधी एवढं केलं तरी रात्र बरीच सुधारते.

मग पोट. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, थोडं थोडं आणि जास्त वेळा. मोठ्या मुलाला मीठ घातलेली कोमट पेज, आटवल, कुळथाची पिठी आणि मऊ भात, शहाळ्याचं पाणी, जे आवडेल ते. दोन दिवस कमी जेवलं तर बिघडत नाही, पण पाणी पोटात जायला हवं. लघवी नेहमीसारखी होतेय ना, यावर लक्ष ठेवा. केळं आणि दही बंद करायची आपल्याकडे रीत आहे. सर्दी केळ्याने होत नाही, आणि आजारी मूल जर केळंच खायला तयार असेल तर ते द्यावं.

एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो. खोकल्याच्या बाटल्यांपेक्षा याचा पुरावा बरा आहे. एक वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटसुद्धा नाही. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ती रुजली तर त्याचं विष बाळाचे स्नायू लुळे पाडतं. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी मधातून चाटवली जाते, तिथे हे विसरलं जातं.

तापासाठी पॅरासिटामॉल, आणि ते मुलाच्या वजनावर. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम एका वेळी, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. घोळ होतो तो बाटल्यांमुळे. पाच मिलीत 125 मिलिग्रॅमचं सिरप असतं, पाच मिलीत 250 चंही असतं आणि बाळांसाठीच्या थेंबांत एका मिलीतच 100. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्यातून 6 मिली, दुसऱ्यातून 3 मिली आणि थेंबांतून दीड मिली. ‘एक झाकण’ हे माप म्हणूनच धोक्याचं आहे. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मिली लिहून घ्या, आणि नवी बाटली आणली की लेबल पुन्हा वाचा. मूल तापात खेळत असेल, पाणी पीत असेल, तर आकडा खाली आणायसाठी औषध द्यायलाच हवं असं नाही. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही.

खोकल्याच्या सिरपबद्दल मी स्पष्टच सांगते: लहान मुलाला ती नकोत. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं सिरप घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. पण भेसळ नसलेलं सिरपही लहान मुलाचा खोकला लवकर बरा करत नाही. झोप आणतं, धडधड वाढवतं, क्वचित श्वास मंदावतं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा सुचवलेली नाहीत, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने त्याच महिन्यात पुन्हा बजावलं.

आणि घरातल्या काही जुन्या गोष्टी, ज्या मायेपोटीच केल्या जातात, पण सोडायला हव्यात. खोबरेल तेलात कापूर गरम करून छातीला चोळणं: कापूर बाळाच्या कातडीतून आणि नाकातून अंगात जातो, तोंडात गेला तर झटके येऊ शकतात. नुसतं कोमट खोबरेल छातीला, पायांना लावा, त्याला कुणाची हरकत नाही. नाकात तेलाचे किंवा तुपाचे थेंब: ते फुप्फुसात उतरतात आणि तिथून निघत नाहीत. ओव्याची, धुपाची धुरी: सुजलेल्या श्वासनलिकेला धूर म्हणजे शिक्षाच. मागीलदारी ओल्या लाकडांची चूल धुमसत असते आणि तिच्यावर बाळाचे लंगोट सुकत असतात, हे पावसात टळत नाही हे मला ठाऊक आहे. पण निदान बाळ त्या खोलीत नको. बिडी-सिगारेट घरात तर नाहीच. उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन दिलेल्या वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही, भाजलेली मुलं मात्र होतात.

खोकला सोडा, श्वास मोजा

खोकल्याचा आवाज घरभर घुमतो, म्हणून तोच मोठा वाटतो. न्यूमोनिया मात्र श्वासात दिसतो. आशाताईंना हे मोजायला शिकवलेलं असतं, आणि कुठल्याही आईला, आजीला, बापाला ते पाच मिनिटांत जमतं.

मूल शांत किंवा झोपलेलं असताना मोजायचं. रडताना, दूध पिताना नाही. अंगात ताप असेल तर श्वास तसाही वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. झबलं छातीपर्यंत वर करा, उजेड पोटावर पडू द्या. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट जितक्या वेळा वर येईल तितके आकडे मनात म्हणा. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा 60 किंवा वर, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा वर, एक ते पाच वर्षांत 40 किंवा वर आला, तर पुन्हा एकदा मोजा. तसाच आला तर त्याच दिवशी दवाखाना.

मोजता मोजता बरगड्यांच्या खालच्या कडेला बघा. श्वास आत घेताना तिथली कातडी आत ओढली जाते का? पोट वर येतंय आणि छातीचा खालचा भाग आत खचतोय, असं दिसलं तर आकडा काहीही असो, थांबू नका. नाकात शेंबूड असल्यामुळे होणारी घरघर वेगळी. ती सलाईनचे थेंब घातल्यावर कमी होते. छाती आत खचणं कमी होत नाही.

मूल काहीच पीत नाही, सगळं उलटून टाकतं, उठवलं तरी उठत नाही, झटका येतो, ओठ निळसर दिसतात, शांत असतानाही श्वास घेताना कर्कश आवाज येतो, किंवा सहा-आठ तास लघवीच नाही, ही सगळी तातडीची लक्षणं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.

अँटिबायोटिक खरंच लागतं तेव्हा

न्यूमोनियात लागतं, आणि तिथे ते जीव वाचवतं. काही कानदुखींत, जिवाणूंच्या घशाच्या आजारात, डांग्या खोकल्यात लागतं. सर्दी दहा दिवस झाले तरी जराही हटत नाही, किंवा बरी होत आलेली असताना पुन्हा जोराचा ताप भरतो, तेव्हाही डॉक्टर विचार करतात. अशा वेळी दिलं तर सांगितलेल्या मापाने, सांगितलेले दिवस द्या. न्यूमोनिया करणाऱ्या दोन मोठ्या जिवाणूंविरुद्धच्या लसी, पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्ही, उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या वेळेवर दिल्या असतील तर ही वेळच कमी येते.

पावसाळ्यात कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नाक वाहत नाही, खोकला नाही, नुसता ताप आहे आणि तीन दिवस उतरत नाही, तर ती सर्दी समजू नका. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) इथे दरवर्षी असतात आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे थंडी-उन्हाळ्यात माकडताप. त्यातल्या लेप्टोला अँटिबायोटिकच लागतं, आणि वेळेवर लागतं. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं औषध देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

राहिला अंतराचा प्रश्न. शहरातल्या माणसाला ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणं परवडतं. वाडीवरून मुख्य रस्ता लांब, संध्याकाळची एसटी गेली की वाहन नाही, आणि पावसात साकव पाण्याखाली. म्हणून आजारी मुलाचा श्वास दुपारी चारच्या सुमाराला एकदा मोजायचाच. आकडा हद्दीवर असेल, किंवा मूल सकाळपेक्षा मलूल वाटत असेल, तर उजेड असतानाच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथून पुढे सिंधुदुर्गात ओरोसला किंवा रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात पाठवायचं की नाही, हे ते ठरवतील. रात्री लागलंच तर 108 ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. गावाच्या नावासोबत वाडीचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा आणि गाडी कुठपर्यंत येते ते सांगा. मुलाचं वय, मोजलेला श्वास आणि शेवटचं पॅरासिटामॉल किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून ठेवा. आणि एका माणसाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा, म्हणजे गाडी वाडी शोधत फिरणार नाही.